जानेवारीतला दुसरा सोमवार

१८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि दक्षिणेतली सुमारे चाळीस लाख गुलाम माणसं मोकळी झाली. कापसाचे मळे होते तिथेच होते. मळेवाल्यांना धास्ती एकच होती, की मोकळा मजूर आता मजुरीवरून घासाघीस करणार आणि नाहीच पटलं तर दुसरीकडे जाणार. त्यावर नोव्हेंबर १८६५ मध्ये मिसिसिपीच्या विधिमंडळाने उपाय काढला. फक्त कृष्णवर्णीयांना बांधणारे हे कायदे म्हणजेच ‘ब्लॅक कोड’. पाठोपाठ दक्षिणेतल्या इतर राज्यांनीही असेच कायदे केले.

मिसिसिपीच्या कायद्यात एक मुदत होती: १८६६ च्या जानेवारीतला दुसरा सोमवार, म्हणजे ८ तारीख. त्या दिवशी ज्या मुक्त कृष्णवर्णीयाकडे कामधंदा नसेल, तो भटक्या ठरणार. दंड पन्नास डॉलरपर्यंत. पाच दिवसांत दंड भरला नाही, तर जो कोणी तो भरेल त्याच्याकडे शेरीफ त्याला कामाला जुंपणार.

या कायद्यात मला सगळ्यात क्रूर वाटते ती ही तारीख. मळ्यावरचे करार वर्षभराचे असत आणि ते वर्षाच्या सुरुवातीला होत. मजुरीचा दर ठरतो तो मजुराच्या ‘नाही’ म्हणायच्या ताकदीवर, आणि ती ताकद वापरायचे हेच दिवस. नेमक्या त्याच दिवसांत बेकार राहणं हा गुन्हा केला, की मालक देईल तो दर मुकाट्याने घ्यावा लागतो.

बाकीच्या वाटाही अशाच बुजवल्या होत्या. स्वतः शेती करावी, तर शहरांबाहेर जमीन भाड्याने घ्यायला बंदी. सबळ कारणाशिवाय काम मध्येच सोडलं, तर त्या वर्षाची तोवरची मजुरी बुडाली. पळालेल्याला धरून आणणाऱ्यास पाच डॉलर आणि मैलामागे दहा सेंट. तेही त्या मजुराच्याच मजुरीतून कापायचे! आईबापांना पोसता येत नाही असं कोर्टाने ठरवलं, की मुलांना ‘शिकाऊ’ म्हणून बांधून देत आणि त्यांच्यावर पहिला हक्क जुन्या मालकाचा. साउथ कॅरोलिनात कृष्णवर्णीयाला दुकान काढायचं तर परवान्याला वर्षाला शंभर डॉलर लागत.

उत्तरेत यावर संतापाची लाट उसळली. एप्रिल १८६६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार झुगारून नागरी हक्क कायदा केला, १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली. उघडउघड वर्णावर बेतलेली ही कलमं टिकली नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

पण फट राहिली होती ती तेराव्या घटनादुरुस्तीतच. तिने गुलामी बंद केली, मात्र ‘गुन्ह्याची शिक्षा’ एवढा अपवाद ठेवून. मग भटकेपणाचे कायदे वर्णाचा उल्लेख गाळून लिहिले गेले, किरकोळ आरोपांवर कृष्णवर्णीयांची धरपकड झाली आणि राज्यं कैदी भाड्याने देऊ लागली, रेल्वेच्या कामावर, मळ्यांवर, खाणींत. अलाबामाच्या कोळसा खाणींत असे कैदी १९२८ पर्यंत राबत होते.