अंधाऱ्या खोलीतला सूर्य

भारतीय हवामान खात्याच्या निकषांप्रमाणे मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंश सेल्सियस किंवा त्याहून वर गेले की ती उष्णतेची लाट मानली जाते. ग्वाल्हेरमध्ये मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात या आकड्याचे कुणाला नवल वाटत नाही. पश्चिमेकडून येणारी कोरडी लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, शहराच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांतून वाहू लागली की घरोघरी खिडक्या लागतात, पडदे ओढले जातात आणि सुटी लागलेली मुले दुपारचे चार-पाच तास घरात अडकून पडतात. त्यांना आत ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. पण आत रमवायचे कसे, हा प्रश्न बहुतेक घरांत हाती मोबाइल देऊन मिटवला जातो, आणि ते मला मनापासून खटकते. नेमक्या त्याच तासांत त्या बंद घरात जे भौतिकशास्त्र घडत असते, ते शाळेच्या पुस्तकात इतक्या जवळून कधी भेटत नाही.

आधी मुलांच्या शरीराविषयी. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३४-३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर शरीर आपली उष्णता हवेला देत राहते. हवा ४३ अंशांवर गेली की उलट हवाच शरीराला तापवू लागते आणि थंड राहण्यासाठी घामाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. लहान मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ त्याच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त असते, त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते, आणि घाम मात्र त्याला कमी येतो. खेळाच्या भरात तहानेचे भानही राहत नाही. म्हणून मुलाने मागण्याची वाट न पाहता माठातले पाणी किंवा बेताच्या गोडीचे पन्हे थोड्या थोड्या वेळाने त्याच्या पुढे करावे. पन्ह्यात मीठ आणि साखर दोन्ही असतात, आणि साखरेच्या सोबतीने मीठ व पाणी आतड्यातून अधिक सहज शोषले जाते.

आता खोलीतल्या अंधाराकडे वळू. ग्वाल्हेर सुमारे २६.२ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे इथे सूर्य अगदी डोक्यावर कधीच येत नाही. तरी मे महिन्याच्या अखेरीस मध्यान्ही तो क्षितिजापासून जवळजवळ ८५ अंशांवर असतो. इतक्या उंचीवरून ऊन खिडकीतून आत येत नाही, सगळे छतावर पडते. म्हणून त्याला आरशाने आत आणावे लागते. हे काम मोठ्यांनी करावे. हाताच्या पंजाएवढ्या आरशावर काळा कागद चिकटवावा आणि त्या कागदात चार-पाच मिलिमीटरचे तिकोनी भोक पाडावे. आरसा अंगणात किंवा गॅलरीत कणकेच्या गोळ्यावर टेकवून ठेवावा, म्हणजे हवा तसा कलता करता येतो, आणि उडालेला कवडसा उघड्या दारातून आतल्या अंधाऱ्या भिंतीवर सोडावा. आरशात किंवा सूर्याकडे थेट पाहायचे नाही, नजर फक्त भिंतीवर आणि हातातल्या पुठ्ठ्यावर ठेवायची, हा नियम सुरुवातीलाच पक्का करून घ्यावा.

मग मुलाच्या हातात पांढरा पुठ्ठा द्यावा. आरशाजवळ, वीतभर अंतरावर, पुठ्ठ्यावर तिकोनी ठिपका दिसतो. पुठ्ठा हळूहळू मागे नेत गेले की त्रिकोणाचे कोपरे बोथट होत जातात, ठिपका फुगतो, आणि भिंतीपर्यंत पोहोचेतो तो वाटोळा होतो. भोक तिकोनी आणि कवडसा गोल हे कसे, असे विचारल्याशिवाय मूल राहत नाही, आणि उत्तर देण्याची घाई आपण करू नये. चौकोनी भोक, चांदणीच्या आकाराचे भोक, सगळे करून पाहू द्यावे. सूर्याच्या बिंबावरचा प्रत्येक बिंदू त्या भोकातून आपापला छोटा त्रिकोण भिंतीवर पाडतो. असे असंख्य त्रिकोण सूर्यबिंबाच्या आकारात शेजारी शेजारी मांडले जातात, आणि अंतर वाढले की भोकाचा आकार त्यात विरून जातो. भिंतीवरचा तो गोल म्हणजे सूर्याची प्रतिमाच असते. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या विद्वानाने लहान भोकातून अंधारात येणाऱ्या प्रकाशाचा असाच पद्धतशीर अभ्यास केला होता.

ही प्रतिमा मोजताही येते. आरशापासून भिंत ७ मीटरवर असेल तर गोलाचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास भरतो. भोकाच्या आकारामुळे कडा थोडी पसरते, तेवढी वजा धरावी. अंतराला व्यासाने भागले की उत्तर १०८ च्या जवळ येते, आणि खऱ्या सूर्याचे अंतरही त्याच्या व्यासाच्या तितकेच पट असते. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे, हे एकदा सांगितले की पाचवी-सहावीतले मूल त्याला १०८ ने भागून सूर्याचा व्यास स्वतः काढू शकते: जवळजवळ १४ लाख किलोमीटर. शिवाय गोलाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून ठेवली, तर सव्वादोन मिनिटांत तो अख्खा रेघेबाहेर सरकलेला असतो. पृथ्वी फिरते, हे वाक्य पाठ असलेल्या मुलाला ती फिरताना दिसते, आणि माझ्या मते पूर्ण सुटीत एवढे एक जरी झाले तरी सुटी सार्थकी लागली.

भिंतींचा प्रयोग मंद गतीचा आहे. जुन्या वाड्यातल्या दीड फूट जाडीच्या दगडी भिंतीतून दुपारची उष्णता आतल्या पृष्ठभागावर यायला आठ-दहा तास लागतात, तर काँक्रीटच्या पाच इंची स्लॅबमधून ती तीनेक तासांत उतरते. वरच्या मजल्याची खोली संध्याकाळी भट्टीसारखी का होते, ते छताजवळ टांगलेल्या तापमापकाच्या तासातासाच्या नोंदी सांगतात.

पण या शहराचा खरा विषय बाष्पीभवनाचा आहे. माठ, वाळ्याची ताटी आणि कूलर या तिन्हींमागे तत्त्व एकच आहे: पाण्याची वाफ होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता खेचली जाते. एका लिटर पाण्यातले १० ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन चमचे पाणी, माठाच्या अंगातून उडून गेले, तर उरलेले पाणी पाच-सहा अंशांनी थंड होऊ शकते. हे मोजण्यासाठी लाल द्रवाचे दोन साधे तापमापक घ्यावेत, ताप मोजायचे चालत नाहीत. एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळून त्याचे टोक वाटीतल्या पाण्यात सोडावे आणि दोन्ही पंख्यासमोर ठेवावेत. हवा ४३ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला तापमापक २३ अंशांच्या आसपास येऊन थांबतो. वीस अंशांचा हा फरक पाहून मोठी माणसेही थबकतात. कूलरची हवा यापेक्षा थंड होऊच शकत नाही, ही त्याची सीमा आहे.

मुलांनी या दोन आकड्यांची वही पाऊस येईपर्यंत चालवावी. खिडकी पूर्ण बंद करून कूलर लावला की खोलीत दमटपणा साठतो आणि दोन्ही आकडे जवळ येऊ लागतात. समोरची खिडकी थोडी उघडली की पुन्हा लांब जातात, आणि कूलरसाठी हवेला बाहेर जायची वाट का हवी, ते मुले घरातल्यांना समजावून सांगू शकतात. जुलैत हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के झाली की फरक जेमतेम ४ अंश राहतो. त्या दिवसापासून कूलरमध्ये पाणी न भरता नुसता पंखा चालवावा.