जेक की टॉम? वसंतातल्या टर्कीसाठी कोणता डिकॉय लावायचा

अमेरिकेत वसंतात टर्की या मोठ्या रानपक्ष्याची शिकार म्हणजे मुख्यतः नराची शिकार. दक्षिण फ्लोरिडात हंगाम मार्चमध्येच उघडतो, उत्तरेकडे तो मे महिन्यात रंगतो. शिकारी मादीचा आवाज काढून नराला बोलावतो. आवाजाच्या दिशेने आलेला नर त्या जागी मादी शोधतो आणि काहीच दिसलं नाही तर दुरूनच परततो. म्हणून डिकॉय, म्हणजे नकली पक्षी. मादीचा डिकॉय निवडायला फारसं डोकं लागत नाही. गोंधळ होतो तो तिच्या शेजारी कुठला नर उभा करायचा याचा.

दुकानात जेक आणि टॉम शेजारी ठेवले तर नवख्याला दोन्ही सारखेच काळे नर वाटतात. जेक म्हणजे गेल्या वर्षी जन्मलेला नर. छातीवरची दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा झुबका, आखूड, तीन ते पाच इंचांच्या आसपास. पिसारा उघडला की मधली काही पिसं बाजूच्यांपेक्षा उंच दिसतात. टॉम पूर्ण वाढलेला नर. त्याची दाढी साधारण आठ-दहा इंच लोंबते आणि पिसाऱ्याची कड अखंड गोल असते. 'स्ट्रटर' नावाने विकला जाणारा डिकॉय म्हणजे पिसारा फुलवून, पंख जमिनीपर्यंत सोडून उभा असलेला हाच टॉम.

फरक दिसण्याचा असला तरी परिणाम मानाचा आहे. टर्कीच्या नरांत मारामारीने ठरलेली उतरंड असते. मादीजवळ जेक दिसला की जवळपास कुठल्याही टॉमला वाटतं, या पोराला हुसकावणं सोपं आहे. स्ट्रटर दिसला की प्रश्न बदलतो. परिसरातला दांडगा नर चवताळून थेट अंगावर येतो, पण मार खाल्लेला किंवा दोन वर्षांचा नर ८० यार्डांवर थबकतो, बघतो आणि निघून जातो. दांडगे थोडेच असतात, दबलेले पुष्कळ. त्यामुळे एकच नर डिकॉय घ्यायचा असेल तर आम्ही जेकच सुचवू.

स्ट्रटरचे दिवस हंगामाच्या सुरुवातीचे. तेव्हा उतरंडीची भांडणं अजून चालू असतात आणि मोठ्या उघड्या शेतात तो दुरून नजरेत भरतो. दाट झाडीत त्याचा उपयोग नाही. पक्ष्याला तो दिसेपर्यंत पक्षी बंदुकीच्या टप्प्यात आलेला असतो, आणि तेवढं अवजड ओझं पाठीवर वाहिल्याचं सार्थक होत नाही. हंगाम सरत आला, नर झुंजून थकले, की जेकही बाजूला ठेवावा. तेव्हा एकटी मादी पुरते.

एक चूक वारंवार होते: जेकच्या डिकॉयला मोठ्या टॉमचा खरा पिसारा खोचणं. देखणा दिसतो, पण दुरून येणाऱ्या नराला तो जेक राहतच नाही. मग जेक विकत घेण्याचा हेतूच बुडाला.

मांडणी दोघांची सारखी. नर डिकॉय शिकाऱ्यापासून १५ ते २० यार्डांवर, तोंड शिकाऱ्याकडे किंचित तिरकं करून ठेवा. खरा नर बहुधा वळसा घालून प्रतिस्पर्ध्याच्या तोंडासमोर येतो, म्हणजे त्याची पाठ तुमच्याकडे होते आणि त्याचाच फुललेला पिसारा तुमची हालचाल झाकतो. धनुष्य ओढणाऱ्याला तर तेवढीच संधी मिळते, म्हणून त्याने अंतर ८ ते १२ यार्डांवर आणावं. मादी जमिनीवर बसलेल्या पवित्र्यातली असेल तर जेक तिच्या मागे एक-दोन फुटांवर लावा. मान ताठ केलेली मादी टाळा, कारण तो धोका दिसल्याचा पवित्रा आहे.

वारा सुटला की हलका डिकॉय खुंटीवर गरागरा फिरतो आणि पक्षी बिथरतात. शेपटीच्या दोन्ही बाजूंना एकेक काटकी रोवली की तो थोडासाच डुलतो. फोमचा डिकॉय घडी करून ठेवल्याने चेपतो. तो आदल्या रात्रीच उघडून ठेवावा. प्लॅस्टिकची चकाकी उन्हात झळकते, तेव्हा मॅट रंगाचा फवारा मारा.

नर डिकॉयचा धोका मात्र गंभीर आहे. लाल-पांढरं-निळं डोकं हेच दुसऱ्या शिकाऱ्याचं लक्ष्य असतं. येता-जाता डिकॉय पूर्ण झाकलेल्या पिशवीत न्या, वर भडक नारिंगी कापड बांधा. त्या तीन रंगांचा एकही कपडा नको. खांद्यांपेक्षा रुंद खोडाला पाठ लावून बसा. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज काढू नका, मोठ्याने माणसासारखं बोला. स्ट्रटर किंवा पिसारा पुढे धरून पक्ष्याकडे सरकत जाण्याची पद्धत काही राज्यांत सार्वजनिक जमिनीवर बंद आहे, आणि जिथे चालते तिथेही सार्वजनिक जमिनीवर आम्ही ती कुणाला सांगणार नाही. अलाबामात हंगामाचे पहिले १० दिवस डिकॉय लावायलाच मनाई आहे, म्हणून खरेदीच्या आधी आपल्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका उघडा.