पाणपिसवांची पिल्ले मोजावी लागतात

रेनकोटचे कापड, तेल न झिरपणारा कागद, इंधनाच्या आगी विझवणारा फेस अशा अनेक वस्तूंमध्ये पीएफएएस या फ्लोरीनयुक्त संयुगांचा वापर झाला आहे. कार्बन आणि फ्लोरीन यांच्यातील बंध इतका मजबूत असतो की ऊन, जिवाणू किंवा उकळणे यांपैकी कशानेही तो सहजासहजी तुटत नाही. उन्हाळ्यात सोलापूरजवळचा हिप्परगा तलाव आटू लागतो तेव्हा उडून जाते ते पाणी. याच गटातील पीएफओएससारखे संयुग त्यात उतरलेले असेल, तर ते मागेच राहते आणि उरलेल्या पाण्यात त्याची तीव्रता वाढत जाते.

पाण्यातील जिवांवर त्याचा परिणाम तपासण्यासाठी जगभरातील प्रयोगशाळा डॅफ्निया मॅग्ना ही पाणपिसू, म्हणजे गोड्या पाण्यातला एक बारीक कवचधारी प्राणी, वापरतात. ती पायांच्या हालचालीने पाणी गाळून शैवाल खाते, तिचे शरीर पारदर्शक असल्याने धडधडणारे हृदय सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर नराशिवायच ती पिल्ले देते. प्रचलित चाचणीत एक दिवसाहून कमी वयाच्या पिसवा 48 तास रसायनमिश्रित पाण्यात ठेवून किती निश्चल झाल्या ते मोजतात. पीएफओएसच्या बाबतीत निम्म्या पिसवा निश्चल होण्यास लिटरमागे दहा मिलिग्रॅमहून अधिक मात्रा लागते, तर नद्या-तलावांत ते सहसा नॅनोग्रॅम किंवा फार तर मायक्रोग्रॅममध्ये आढळते. एवढ्यावर थांबले तर चिंतेचे कारण नाही, असे कोणालाही वाटेल.

मात्र न विघटणाऱ्या पदार्थाला 48 तासांची कसोटी लावणे मला अपुरे वाटते. 21 दिवसांच्या चाचणीत पिल्ले मोजली जातात, आणि तिथे कितीतरी कमी मात्रेतही पहिली वीण लांबते, पिल्लांची संख्या घटते, वाढ खुंटते. आई जिवंत असते, पण तिची ऊर्जा शरीराची झीज भरून काढण्यातच खर्च होते. ही संयुगे चरबीपेक्षा प्रथिनांना अधिक चिकटतात व पेशींच्या पटलात शिरतात. कार्बनची साखळी जितकी लांब, तितका हा परिणाम सहसा तीव्र. पिसवा घटल्या की शैवाल माजते आणि माशांच्या पिल्लांचे अन्न कमी होते.

दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांवर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीएफओएसचा समावेश 2009 मध्ये आणि त्याच गटातील पीएफओए या संयुगाचा 2019 मध्ये झाला. पण पूर्वी वापरलेली संयुगे पाण्यात आणि गाळात टिकून आहेत.

आणखी एक अडचण आहे. डॅफ्निया मॅग्नाची चाचणी साधारण 20 अंश तापमानाला होते, तर एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवाच 40 अंशांपलीकडे जाते आणि उथळ तलावांचे पाणीही चांगलेच तापते. उष्ण पाण्यात या जिवांचा चयापचय वेगाने चालतो, त्यामुळे थंड पाण्यातले आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपल्याकडच्या तलावांत पाणपिसवांच्या मोइनासारख्या लहान जाती अधिक असतात. मोइना उबदार पाण्यात आठवड्याच्या आतच पिल्ले देऊ लागते, म्हणून तिच्या अनेक पिढ्यांवरील परिणाम एका उन्हाळ्यात तपासता येतो.