न दिसलेल्या वाघांची मोजदाद

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून जनावरे टिपून ठेवण्याची रीत विदर्भात जुनी आहे. वैशाखात नाले आटलेले असल्यामुळे चितळ, रोही, रानगवा रात्रीतून कधीतरी पाण्यावर येणारच, हा तिचा आधार; मात्र पहाटे दिसलेले अस्वल दहा वाजता येऊन गेलेलेच की दुसरे, हे मचाणावरून सांगता येत नाही, आणि जे आलेच नाही त्याची नोंदही होत नाही.

वाघाच्या बाबतीत ही अडचण त्याच्या पट्ट्यांनी दूर केली. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, इतकेच नव्हे तर एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही वेगळी असते. म्हणून जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. समजा, पहिल्या फेरीत २० वाघ ओळखले गेले आणि दुसऱ्या फेरीत आलेल्या २४ वाघांपैकी १६ आधीचेच निघाले. याचा अर्थ, पहिली फेरी साधारण दोन तृतीयांश वाघांपर्यंतच पोहोचली होती, म्हणजे जंगलात सुमारे ३० वाघ असावेत. प्रत्यक्षातले गणित याहून बरेच किचकट असते, पण गाभा हाच. वन्यजीवशास्त्रज्ञ डॉ. उल्हास कारंथ यांनी १९९०च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे ही पद्धत वाघांसाठी रुजवली. २०२२च्या गणनेत देशातील वाघांची सरासरी संख्या ३,६८२ आणि वरची मर्यादा ३,९२५ अशी दिली गेली, कारण तो अंदाज होता, शिरगणती नव्हे.

संख्या कळली तरी ती का बदलते, हे समजण्यासाठी जन्म, मृत्यू, येणे आणि जाणे या चारही गोष्टींचा माग ठेवावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण नर २०१९मध्ये जागेच्या शोधात निघाला आणि शेतशिवारांतून सुमारे ३,००० किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. टिपेश्वराच्या हिशेबात तो मेलेला नव्हता, निघून गेलेला होता.

माझ्या मते गावकऱ्यांनी सर्वाधिक लक्ष द्यावे असा आकडा प्रौढ माद्यांचा आहे. मोठे सस्तन प्राणी सावकाश वाढतात. वाघीण पिल्लांना जवळपास दोन वर्षे सांभाळते आणि तोवर सहसा पुन्हा वीत नाही. रानडुकरांपासून धान वाचवण्यासाठी कुंपणात सोडलेल्या विजेने अशी वाघीण मेली, तर तिच्यावर अवलंबून असलेले बछडेही बहुधा जगत नाहीत आणि तिच्या पुढच्या सगळ्या विणी बुडतात. म्हणूनच मेलेला वाघ नर होता की मादी, तिचे वय किती आणि तिच्यामागे बछडे होते का, हे पंचनाम्यात नीट लिहिले जायला हवे.