आतेभाऊ की मामेभाऊ? शब्द चार, नाती तीनच

परवा दादरला एका हॉलमध्ये बारसं होतं, तिथे माझा मुलगा आणि माझ्या ताईचा मुलगा, दोघं साधारण एकाच वयाचे, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फिरत होते आणि कोणी विचारलं की भाचा सांगायचा "हा माझा मामेभाऊ" आणि माझं पोर त्याहून जोरात "हा पण माझा मामेभाऊ". लोक कौतुकाने हसायचे आणि पुढे जायचे. जेवताना मी विषय काढला तर चाळिशी ओलांडलेल्या दोघातिघांना पण पटकन सांगता येईना की कोण कोणाचा आते आणि कोण कोणाचा मामे. सगळ्यांना कझिन म्हणून मोकळं व्हायची सवय लागलीय, त्याचं हे फळ.

खरं तर नियम एकच आहे. आपल्या आईच्या किंवा बाबांच्या त्या भावंडाला आपण काय म्हणतो ते बघायचं आणि तेच पुढे लावायचं. काकाचा मुलगा चुलत, मावशीचा मावस, आत्याचा आते, मामाचा मामे. समोरचा मुलगा आहे की मुलगी, मोठा की लहान, याचा काही संबंध नाही, फरक फक्त त्याच्या आईबापांपैकी आपलं कोण त्याचा.

मग गोंधळ का होतो, तर चुलत आणि मावस ही नाती दोन्हीकडून सारखीच दिसतात. दोन भावांची मुलं एकमेकांची चुलत, दोन बहिणींची मुलं एकमेकांची मावस, विषय संपला, डोकं चालवावं लागत नाही. आणि आपण तीच सवय पुढे नेतो. पण आते-मामे मध्ये एका टोकाला भाऊ आहे आणि दुसऱ्या टोकाला बहीण. मी लालबागला राहतो, ताई लग्न होऊन डोंबिवलीला गेली. माझ्या पोराची ती आत्या, म्हणून तिचा मुलगा त्याचा आतेभाऊ. तिच्या पोराचा मी मामा, म्हणून माझा मुलगा त्याचा मामेभाऊ. लोकल कशी, करी रोडला तिच्यावर डोंबिवली लिहिलेलं असतं आणि डोंबिवलीला उभे असाल तर सीएसएमटी, रूळ तेच. म्हणून जुनी माणसं "आम्ही चुलत भावंडं" म्हणतात, "मावस भावंडं" म्हणतात, पण इथे मात्र "आते-मामे भावंडं" असा जोडशब्द वापरतात. मामे-मामे असं काही नसतं (एक अपवाद आहे, शेवटी सांगतो).

लहान मुलांना समजवायचं असेल तर मी असं सांगतो की तुझ्या बारशाला जिने कुर्र करून कानात नाव सांगितलं आणि त्याबद्दल पाठीत बुक्के खाल्ले तिची मुलं आते. आणि लग्नात नवरीला जो मांडवात घेऊन येतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत मागे उभा असतो त्याची मुलं मामे. यात मुलग्यांना दुसऱ्या उदाहरणाचा कंटाळा येतो, त्यांना सांगायचं जावळ काढताना ज्याच्या मांडीवर बसून रडलास तो.

दुसरी खूण आडनावाची. मामेभावाचं आडनाव म्हणजे आपल्या आईचं माहेरचं आडनाव. आतेभावाचं आडनाव आपल्याशी जुळत नाही पण त्याच्या आईचं माहेरचं जुळतं. लग्नाच्या बायोडाटात "मामकुळ" असा रकाना असतो ना, तिथे आतेभाऊ जे आडनाव लिहितो ते आपलं असतं.

आणि सगळ्यात भारी खूण म्हणजे मे महिन्याची सुट्टी. गावाकडचं घर एकच, आजी-आजोबा तेच, आंबे तेच, पण एका भावंडासाठी ते त्याचं स्वतःचं घर आणि दुसऱ्यासाठी आजोळ. आजोळी आलेल्याचे लाड होतात, घरच्याला विहिरीवरून पाणी आणायला पिटाळतात, आणि ज्याला पिटाळलं तो दुसऱ्याचा मामेभाऊ. मजा म्हणजे मराठीत आजीला दोन्हीकडून आजीच म्हणतात. हिंदीवाल्यांचं बरंय, एकाची दादी दुसऱ्याची नानी, त्यामुळे तिथल्या तिथे कळतं कोण कुठल्या बाजूचा. आपल्याकडे आजी काहीच सांगत नाही, सगळं आते-मामे या दोन शब्दांवरच चालतं, आणि आता तेच शब्द गळून चाललेत.

आता माझं पोर का चुकलं ते घरी आल्यावर कळलं. आमचं मूळ कराडकडचं, तिकडे बऱ्याच घरांत आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. काही ठिकाणी आतोबा म्हणतात, मुंबईत बहुतेक सरळ काकाच म्हणतात. तर आमच्याकडे ताईच्या मिस्टरांना माझा मुलगा मामा म्हणतो, मग त्याच्या हिशोबाने मामाचा मुलगा मामेभाऊ, चूक काय? लॉजिक बरोबरच आहे, फक्त त्याने आत्याऐवजी तिच्या नवऱ्याला धरलं. रक्ताचं नातं आत्याशी आहे, नाव तिच्यावरूनच येणार.

आणि ते मामा म्हणणंही उगाच नाही. मराठी समाजातल्या बऱ्याच जातींमध्ये मामाची मुलगी करून घ्यायची पद्धत आहे, म्हणजे मुलीच्या बाजूने बघितलं तर आत्याच्या मुलाशी लग्न, आत्याच सासू होते. त्यामुळेच सुना सासूला आत्या किंवा आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामा नाहीतर मामंजी, नात्यात लग्न झालेलं नसलं तरी. मात्र उलटं, म्हणजे मुलाने आत्याची मुलगी करणं, यातल्या पुष्कळ ठिकाणी चालत नाही. इरावती कर्वेंनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर लिहिलं त्यात महाराष्ट्राचं हे एकतर्फी वागणं नोंदवलंय. म्हणजे बघा, आपल्याला जो शब्दांचा घोळ वाटतो त्यावर एकेकाळी लग्न ठरायचं किंवा मोडायचं. चुलत आणि मावस तर अशा घरांत पण सख्ख्या भावाबहिणीसारखेच, तिथे लग्नाचा विषयच नाही.

कायद्यात काय आहे तर हिंदू विवाह कायदा, १९५५, यात जवळच्या निषिद्ध नात्यांची यादी आहे, आणि त्यात भावंडांच्या मुलांसाठी तीनच ओळखी दिल्यात: भाऊ-बहिणीची मुलं, दोन भावांची मुलं, दोन बहिणींची मुलं. चार नाहीत. कारण आते आणि मामे हे एकाच नात्याचे दोन दरवाजे. दोघांच्या समाजात तशी रूढी असेल तर कायदा सूट देतो, म्हणून मामाच्या मुलीशी झालेली लग्नं टिकतात.

सासरच्या नात्यात मात्र हेच शब्द वेगळे वागतात, तिथे फसू नका. मामेभाऊ म्हणजे मामाचा मुलगा, पण मामेसासरे म्हणजे नवऱ्याचा किंवा बायकोचा मामा स्वतः. तसंच आतेसासू म्हणजे जोडीदाराची आत्या, तिची मुलगी नव्हे.

राहिला तो अपवाद. साटंलोटं. एका घरातले भाऊ-बहीण दुसऱ्या घरातल्या बहीण-भावाला दिले, तर त्यांच्या मुलांना एकमेकांची आई आत्या लागते आणि बाप मामा, त्यामुळे दोघं एकमेकांचे आतेभाऊ पण आणि मामेभाऊ पण. (दोन भावांनी दोन बहिणी केल्या तर पोरं चुलत आणि मावस दोन्ही, आणि ते दोघं भाऊ असून साडू.) अशा घरातली दोन पोरं हॉलमध्ये "हा माझा मामेभाऊ" म्हणून ओरडत फिरली तर दोघंही बरोबर. आमच्या घरात साटंलोटं झालेलं नाही, त्यामुळे आमच्या चिरंजीवांना घरी नेऊन परत पहिल्यापासून शिकवावं लागलं, आणि तो ऐकून घेऊन म्हणाला की मग मी त्याला दादाच म्हणतो.