बर्फातली दोन अस्वले आणि एक नकोशी बातमी

एडविन लँडसीअर म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा आवडता प्राणिचित्रकार. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातले सिंहही त्याचेच. त्याचे 'मॅन प्रपोझेस, गॉड डिस्पोझेस' हे चित्र १८६४ साली रॉयल अकादमीत लागले तेव्हा बघणारे हादरले. बर्फात मोडकी डोलकाठी, दुर्बीण, फाटके लाल निशाण आणि दोन ध्रुवीय अस्वले. एक निशाण ओरबाडते आहे, दुसरे माणसाची बरगडी चावते आहे.

ही हाडे कोणाची, हे तेव्हा कोणालाही सांगावे लागत नव्हते. सर जॉन फ्रँकलिन १८४५ मध्ये 'एरेबस' आणि 'टेरर' ही जहाजे घेऊन आर्क्टिकमधून पॅसिफिककडे जाणारा सागरी मार्ग शोधायला निघाले. १२९ जण गेले, एकही परतला नाही.

१८५४ मध्ये जॉन रे या स्कॉटिश डॉक्टरने इन्युइट या आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांकडून ऐकलेली हकीकत कळवली: उपासमारीने मरणाऱ्या खलाशांनी शेवटी सोबत्यांचे मांस खाल्ले. लंडनमध्ये गहजब उडाला. फ्रँकलिन यांच्या पत्नी जेन संतापल्या. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात लेख लिहून उलट इन्युइटांवरच संशय घेतला. ब्रिटिश नौसैनिक असे करूच शकत नाही, एवढाच काय तो त्याचा पुरावा! पुढे १८५९ मध्ये मॅक्लिंटॉकच्या शोधपथकाला किंग विल्यम बेटावर सांगाडे आणि एक चिठ्ठी सापडली. फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजीच वारले होते.

या पार्श्वभूमीवर लँडसीअरची अस्वले पाहावीत. मला तरी ती सोयीची वाटतात. माणसांना माणसांनीच खाल्ले, हा विषयच नको. दोष जनावरांच्या माथी गेला की झाले. तरीही चित्र गुळगुळीत नाही. मोहिमेचा गौरव त्यात औषधालाही सापडत नाही, आणि जेन फ्रँकलिनना ते खटकले यात नवल नाही.

इन्युइट खरेच बोलत होते. १९९०च्या दशकात हाडांवर सुरीच्या खुणा आढळल्या. २०२४ मध्ये तशाच खुणा असलेला एक जबडा डीएनएवरून 'एरेबस'चा कप्तान जेम्स फिट्झजेम्स याचा ठरला.

चित्र १८८१ मध्ये थॉमस हॉलोवे या औषधविक्रेत्याने स्त्रियांसाठी उभारत असलेल्या आपल्या कॉलेजकरता विकत घेतले. ते टांगलेल्या दालनात परीक्षा होऊ लागल्या आणि त्याच्यासमोर बसणारा नापास होतो, अशी वदंता पसरली. १९७०च्या दशकापासून परीक्षेच्या काळात त्यावर चक्क युनियन जॅक पांघरतात.