पुढच्या ब्रेकची भीती

नवी मोटरसायकल घेऊन चार-सहा महिने झाले की गोवा खुणावू लागतं. ऑफिसला जाणं-येणं अंगवळणी पडलेलं असतं, सिग्नलला गाडी बंद पडत नाही, चढावर हाफ क्लचवर धरता येते. मग एखाद्या अनुभवी मित्राला विचारलं जातं, "जमेल का रे मला?" उत्तर ठरलेलं असतं: "बिनधास्त जा. एकदा रस्त्याला लागलास की कॉन्फिडन्स आपोआप येतो."

येतो, यात शंका नाही. अडचण एवढीच, की तो कौशल्य न येताही येतो.

स्वीडनमधले संशोधक निल्स पेटर ग्रेगेरसेन यांनी १९९६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कार शिकणाऱ्या तरुणांचे दोन गट केले. एका गटाला निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं तंत्र शिकवलं. दुसऱ्या गटाला तशाच रस्त्यावर आपलं कौशल्य कुठे तोकडं पडतं, ते अनुभवायला लावलं. नंतरच्या परीक्षेत दोन्ही गट सारखेच निघाले, पण पहिल्या गटातल्या मुलांना आपण जास्त तरबेज आहोत असं वाटत होतं. याची उलट बाजू ब्रिटिश टपाल खात्यात दिसली होती. कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवताना काहींना रोज एकच तास सराव दिला, तर काहींना रोज दोनदा, दोन-दोन तास. अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की रोज एक तास बसणारे एकूण कमी तासांत शिकले, पण आपल्या शिकण्यावर सगळ्यांत नाराज तेच होते. त्यांच्या कॅलेंडरवर प्रगती सावकाश दिसत होती ना!

म्हणजे "आता मला जमतंय" ही भावना दोन्ही बाजूंनी फसवते. लांबच्या प्रवासाआधी मन काय सांगतंय ते जरा बाजूला ठेवावं आणि गाडी किती अंतरात थांबते, ते पावलांनी मोजावं. माझ्या मते नव्या चालकाच्या तयारीत याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. जॅकेट, सॅडल बॅग, हेल्मेटवरचा कॅमेरा यांची खरेदी नंतरही होईल.

थांबण्यालाच एवढं महत्त्व का, याचं उत्तर १९८१ च्या एका जाडजूड अहवालात आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातले मोटरसायकलचे सुमारे ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले. धोका लक्षात आल्यापासून धडक बसेपर्यंत चालकाला सहसा २ सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळाला होता. एवढ्या वेळात बहुतेकांनी एकच चूक केली होती: मागचा ब्रेक करकचून दाबून चाक लॉक केलं आणि पुढचा ब्रेक जेमतेम वापरला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के चालक स्वतःच्या स्वतः, नाहीतर मित्र-नातेवाइकांकडून शिकलेले होते. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? काका किंवा मोठा भाऊ मागे बसून पहिला धडा देतो तो हाच, "पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील." सायकलवर कधीतरी खरंच पडलेलो असल्यामुळे तो सल्ला पटतो आणि पायात मुरतो.

त्यामागचं गणित मात्र उलट आहे. साध्या १५० सीसी गाडीच्या दोन चाकांमध्ये साधारण १.३ मीटर अंतर असतं आणि गाडी व चालक मिळून होणारा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटरच्या वर असतो. ब्रेक लागला की हे उंचावरचं वजन पुढे झेपावतं. एरवी दोन्ही चाकांवर जवळजवळ सारखा असलेला भार जोरदार ब्रेकिंगमध्ये इतका सरकतो, की एकूण वजनाचा पाऊण भाग पुढच्या चाकावर येतो. टायरची पकड भारावर अवलंबून असते. त्यामुळे ऐन गरजेच्या क्षणी मागचं चाक हलकं आणि जवळपास निरुपयोगी झालेलं असतं. कोरड्या डांबरावर ताशी ४० च्या वेगात दोन्ही ब्रेक नीट वापरले तर नवशिक्याही सुमारे १० मीटरमध्ये थांबू शकतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर तेच अंतर २० मीटर होतं.

पुढचं चाक घसरतं, ही भीती अगदीच खोटी नाही. घसरतं ते ब्रेक झटक्यात ओढल्यावर, कारण वजन पुढे यायला क्षणाचा काही भाग लागतो आणि त्याच्या आतच चाक आवळलं जातं. म्हणून लिव्हर लिंबू पिळल्यासारखा दाबायचा: आधी हलका, पुढचा शॉकअप खाली बसल्याचं जाणवलं की घट्ट. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. ते चाक लॉक होऊ देत नाही. दाब मात्र तुमच्याच हाताने द्यावा लागतो. अनेक गाड्यांमध्ये ते फक्त पुढच्या चाकाला असतं हेही माहीत असू द्या, मागचं चाक लॉक होऊ शकतं.

सरावासाठी सुट्टीच्या दिवशी सकाळी एमआयडीसीतला रुंद, कोरडा, रिकामा रस्ता गाठावा. हेल्मेट, हातमोजे, पायात बूट. मागून कुणी येत नाही ना हे बघायला एक मित्र. खडूने आडवी रेघ मारा आणि लांबून दिसावी म्हणून कडेला चपलांचा जोड ठेवा. पुढचं चाक रेघेवर येईपर्यंत ब्रेकला बोट लावायचं नाही. आधी ताशी २०, मग ३०, मग ४०. गाडी थांबली की उतरून पावलं मोजायची. १० मीटर म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाची १३-१४ पावलं. सुरुवातीला बहुतेकांची पंचविशीच्या आसपास भरतात, म्हणजे पुढचा ब्रेक अजून नावालाच लागतोय. दाब थोडाथोडा वाढवत गेलात की आकडा खाली येतो. एकाच सकाळी दोन तास घाम गाळण्यापेक्षा तीन-चार वेगवेगळ्या दिवशी अर्धा-अर्धा तास बरा, टपाल खात्याचा धडा इथेही लागू पडतो.

ब्रेकनंतर येतं वळण. इथली गंमत अशी, की आपण वळतो कसे हे वळणाऱ्यालाच ठाऊक नसतं. विमान उडवण्याच्या खटपटीत असलेल्या विल्बर राइट यांचं मूळ दुकान सायकलींचं. डावीकडे कसे वळता, असं त्यांनी डझनावारी सायकलस्वारांना विचारलं आणि पहिल्या फटक्यात नेमकं उत्तर कुणालाच देता आलं नाही. वेगात असताना डावीकडे वळायचं तर हँडल आधी किंचित उजवीकडे जावं लागतं. चाक खालून उजवीकडे सरकतं, वरचं वजन डावीकडे कलतं आणि मग गाडी डावीकडे वळते. थोडक्यात, डाव्या मुठीला पुढे हलका रेटा दिला की गाडी डावीकडे झुकते. हात हे लहानपणापासून करत आलेत, डोक्याला पत्ता नसतो. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण घाटात अचानक वळण आवळत गेलं की घाबरलेला माणूस दोन्ही मुठी गच्च धरतो आणि डोक्याने हँडल वळणाच्या दिशेला फिरवू बघतो. गाडी उलट सरळ होऊन रस्त्याच्या बाहेरच्या कडेला निघते. हर्ट यांच्या अहवालात हेच आढळलं होतं: रेटा देऊन गाडी वळवण्याचं आणि धडक चुकवण्याचं कसब अपघातग्रस्त चालकांमध्ये जवळपास नव्हतंच. त्याच रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० ने सरळ जाताना डाव्या तळव्याने मूठ जराशी पुढे ढकलून बघा. गाडीने दिलेला प्रतिसाद एकदा जाणीवपूर्वक अनुभवला की संकटात तो आठवायची शक्यता वाढते.

मुठी सैल ठेवण्यालाही आधार आहे. चालती दुचाकी स्वतःला बरीचशी सावरते. फिरत्या चाकांमुळे ती उभी राहते, एवढंच स्पष्टीकरण बरीच वर्षं सांगितलं जायचं. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी चाकांचा तो परिणाम पुसून टाकणारी विचित्र सायकल बनवली आणि ढकलून सोडली, तरी ती तोल सावरत गेली. पडू लागलेल्या बाजूला हँडल आपोआप वळणं, ही तिची मुख्य युक्ती. कोकणातल्या रस्त्यावर मोकळ्या खडीवरून जाताना हँडल थरथरतं ते गाडी हेच काम करत असते म्हणून. हात ताठ केले तर तिच्या कामात आपणच आडवे येतो.

डोळ्यांबद्दल मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी १९९४ मध्ये मोजमाप केलं होतं. वळणावळणाच्या रस्त्यावर कारचालकाची नजर वळण सुरू होण्याआधी एक-दोन सेकंद वळणाच्या आतल्या कडेवर जाऊन टेकते आणि पुन्हा पुन्हा तिथेच परतते. नवशिक्याची नजर पुढच्या चाकाखाली असते, नाहीतर ज्याची भीती वाटते त्या खड्ड्यावर किंवा कठड्यावर. हात नजरेमागे जातात, त्यामुळे गाडीही तिकडेच ओढली जाते.

आता घाटाचा हिशेब. अनपेक्षित गोष्ट दिसल्यावर ब्रेकला हात जाईपर्यंत दीड सेकंद सहज जातो. ताशी ५० ला तेवढ्यात २१ मीटर जातात, पुढे थांबायला १६, एकूण ३७. ताम्हिणीत डोंगर आड येणाऱ्या वळणावर पुढचं २५ मीटरच दिसत असेल तर ५० हा वेग चुकीचाच, चालक कितीही धीट असो. ताशी ३५ ला बेरीज २३ च्या आत राहते. शिवाय ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० ला गाडी सुमारे २३ अंश झुकवावी लागते, ५० ला ३३. टायरची पकड झुकण्यात खर्च झाली की ब्रेकसाठी थोडीच उरते, म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा.

पावसात आणि उतारावर सगळे आकडे बिघडतात. पकड निम्मी झाली आणि १०० मीटरला ८ मीटर असा उतार असला, तर ताशी ४० चे ते १० मीटर २७ होतात. पहिल्या पावसात तर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा त्याहून वाईट. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे महाभाग आजही भेटतात. त्यांनी वाचवलेल्या पेट्रोलच्या बदल्यात इंजिनचा फुकटचा ब्रेक गमावलेला असतो, आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर पडून ते तापतात. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावं.

थकव्याचं थोडक्यात सांगायचं तर वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो; ६० वरून ८० वर गेलं की तो पावणेदोन पटींच्याही वर. एप्रिलमध्ये हाच वारा घाम सुकवून टाकतो, मग तहान लागल्याचं कळत नाही. दर तासाला थांबून पाणी प्यावं, लागो न लागो.

पुण्याच्या माणसाने गोव्याआधी कात्रज करावा, मग वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी, आणि त्याच दिवशी उजेडात परत. मुंबईकराला एक्स्प्रेस-वेवर दुचाकी नेता येत नाही, त्याची परीक्षा जुन्या रस्त्याने खंडाळ्यात होते. आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात, ज्या बॅगा न्यायच्या आहेत त्या बांधून, मागे कुणी बसणार असेल तर त्या माणसालाही बसवून, टायरमध्ये डबलसीटची हवा भरून खडूच्या रेघेपाशी पुन्हा एकदा जायचं. मागच्या माणसाला आधी सांगून ठेवायचं की जोरात थांबणार आहोत, आणि २० पासूनच सुरुवात करायची. मोजायची पावलं आता वेगळी भरतील.